व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा हम : कुठून येतो, कसा शोधायचा आणि कुठे थांबायचं

घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब) अ‍ॅम्प्लिफायरची सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच : गाणं थांबलं की मागे 'हूंऽऽ' उरतो, म्हणजेच हम. मित्रांचे, त्यांच्या ओळखीच्यांचे जे सेट माझ्या टेबलावर येतात त्यातल्या बहुतेकांना हेच दुखणं असतं. आणि बहुतेक वेळा मालकाने आधीच फिल्टर कंडेन्सर (सप्लायचं डीसी गुळगुळीत करणारे) बदलून पाहिलेले असतात, कारण कुणीतरी त्याला 'हम म्हणजे कंडेन्सर गेला' असं सांगितलेलं असतं. खरं तर हम पाच-सहा वेगवेगळ्या वाटांनी आत येतो आणि प्रत्येक वाटेचं लक्षण वेगळं असतं. ते लक्षण नीट ऐकलं तर निम्मं काम स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच होतं.

इथे मी सगळ्यात जास्त बांधला जाणारा सेट डोळ्यांसमोर ठेवला आहे : पुढे, इनपुटच्या बाजूला, ईसीसी ८३ (सिग्नल मोठा करणारा छोटा व्हॉल्व्ह), मागे प्रत्येक चॅनेलला एक ईएल ८४ (स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह), ईझेड ८१ हा व्हॉल्व्ह किंवा सिलिकॉन डायोडचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), आणि २५० ते ३०० व्होल्टची एच.टी., म्हणजे व्हॉल्व्हना लागणारा जास्त व्होल्टेजचा डीसी सप्लाय. व्हॉल्व्ह वेगळे असले तरी शोधायची पद्धत हीच.

आधी लक्षणं

व्हॉल्यूम पूर्ण बंद केला तरी हम तेवढाच राहतो : दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या नंतर आहे, म्हणजे व्हॉल्व्ह, फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार), सप्लाय किंवा ट्रान्सफॉर्मर.

व्हॉल्यूमबरोबर हम वाढतो : दोष कंट्रोलच्या आधी, म्हणजे इनपुट वायर, सॉकेट किंवा जोडलेलं उपकरण.

नॉब मधोमध असताना हम जास्त आणि दोन्ही टोकांना कमी : हे लक्षण पुष्कळांना चक्रावतं. कंट्रोल मधोमध असताना ग्रिडला (व्हॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाला) दिसणारा रेझिस्टन्स सर्वात जास्त असतो, ५०० किलोओहमच्या कंट्रोलला सव्वाशे किलोओहमपर्यंत. त्यामुळे तिथून ग्रिडकडे जाणारी वायर अँटेनासारखी वागते. ती वायर शील्डेड करा, किंवा १०० किलोओहमचा कंट्रोल लावा.

नॉबला किंवा चेसिसला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) हात लावला की हम कमी होतो : कंट्रोलची बॉडी किंवा अख्खी चेसिस अर्थला जोडलेलीच नाही. दुसरा प्रकार गंभीर आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सेट बंद केल्यावरही काही सेकंद हम येत राहतो : ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांचे अर्थ दोन वाटांनी जोडले जाऊन झालेला वेढा. व्हॉल्व्ह गरम आहेत, कंडेन्सर भरलेले आहेत, आणि दुसऱ्या उपकरणाकडून येणारा हम तोवर ऐकू येतो.

स्विच टाकल्याटाकल्या, व्हॉल्व्ह तापायच्या आधीच स्पीकरमधून हम येतो : मेन्स ट्रान्सफॉर्मर थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो आहे.

हम स्पीकरमधून नाही, पेटीतूनच येतो : ट्रान्सफॉर्मरचं स्टॅम्पिंग (कोरच्या लोखंडी पट्ट्या) सैल आहे. घरच्या इन्व्हर्टरवर हा आवाज वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह देतोय, सेटमध्ये दोष नाही.

आता सूर ऐका. ५० हर्ट्झचा हम खोल आणि गुळगुळीत असतो, तो फिलामेंटमधून, मेन्सच्या इंडक्शनमधून किंवा ग्राउंड लूपमधून येतो. १०० हर्ट्झचा एक सप्तक वरचा असतो आणि तो रेक्टिफायरच्या बाजूने येतो, कारण फुल वेव्ह रेक्टिफायर कंडेन्सरला सेकंदाला शंभर वेळा भरतो. १०० हर्ट्झच्या जोडीला भुंग्यासारखी चिरकी धार असेल तर कंडेन्सरचे चार्जिंग पल्स ग्राउंडच्या वायरीत मिसळले आहेत असं समजा. कानाला खात्री नसेल तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या आणि फोन स्पीकरच्या कोनाजवळ धरा. छोटे स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवतच नाहीत, म्हणून तपासताना मोठा वूफर जोडलेला बरा.

हात घालण्यापूर्वी

एच.टी.चे ३०० व्होल्ट सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात आणि ते जीव घेऊ शकतात. फिल्टर कंडेन्सरला समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा ब्लीडर (कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर) कायमचा लावलेला असला पाहिजे. दोन ४७ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर त्याने दीड-दोन मिनिटांत रिकामे होतात. तरीही प्लग काढा, थांबा, मीटर लावा आणि १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालू नका. चालू सेटमध्ये मोजताना मीटरची काळी वायर आधी क्लिपने चेसिसला अडकवा आणि दुसरा हात खिशात ठेवा. दोन्ही हात आत असतील तर करंट छातीतून जातो.

स्पीकर किंवा ८ ओहमचा लोड जोडल्याशिवाय सेट चालवू नका. ईएल ८४ सारख्या पेंटोडवर लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत प्रचंड व्होल्टेज उठतं आणि वायंडिंग फुटतं.

फुकटच्या तपासण्या

पहिलं काम, इनपुट शॉर्ट करा. एक आरसीए पिन घ्या, तिचं मधलं टोक बाहेरच्या कड्याला सोल्डर करा आणि ती इनपुटला लावा. हम गेला तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे, दोष बाहेर आहे. ही पिन दहा-वीस रुपयांत होते आणि तिच्याइतकं उपयोगी अवजार माझ्या पेटीत दुसरं नाही.

दोष बाहेर असेल तर एकेक जोडणी काढत जा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. हम गेला तर चार्जर किंवा त्याचा अर्थ कारणीभूत आहे. सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर त्याची केबल काढून बघा. केबलच्या जाळीतून इमारतीतल्या कुठल्या तरी भलत्याच जागेचा अर्थ तुमच्या सेटमध्ये येतो आणि तुमच्या प्लगच्या अर्थशी मिळून मोठा लूप तयार होतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, त्याने लूप लहान होतो. फॅनचा रेग्युलेटर आणि एलईडी दिवेही बंद करून ऐका.

नंतर व्हॉल्व्ह. सेट बंद करून, गार झाल्यावर दोन चॅनेलचे ईसीसी ८३ आपसांत बदला. हम दुसऱ्या बाजूला गेला तर व्हॉल्व्हच खराब, बहुधा फिलामेंट आणि कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) यांच्यातली लीकेज. दोन्ही चॅनेलला मिळून एकच ईसीसी ८३ असेल तर चांगला असल्याची खात्री असलेला व्हॉल्व्ह लावून बघा. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह अजून कुणाकुणाकडे डब्यात पडलेले असतात. त्यातले अनेक उत्तम चालतात, पण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्यांच्या पिना काळ्या पडलेल्या असतात. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत व्हॉल्व्ह बेसचे संपर्कही गंजतात. पिना बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसा, बेसच्या भोकात कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सैल पडलेला संपर्क जाड सुईने आत दाबून घट्ट करा. हे सगळं प्लग काढून. मग सेट चालू करून लाकडी काडीने प्रत्येक व्हॉल्व्हवर हळूच टिचकी मारा. हम कमीजास्त झाला तर तिथेच सैल संपर्क किंवा ड्राय सोल्डर (नीट न चिकटलेला सांधा) आहे.

कुठल्या टप्प्यात आहे ते पकडा

इथे जरा सावकाश जा, कारण पुढचा सगळा खर्च या उत्तरावर ठरतो.

सेट बंद करा, ईसीसी ८३ काढा, परत चालू करा. हम पूर्ण गेला तर तो पहिल्या टप्प्यातून किंवा त्याच्या आधीपासून येत होता. तसाच राहिला तर ईएल ८४, त्याचा सप्लाय किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. हम वाढला तर घाबरू नका. सेटमध्ये फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग आधीच्या टप्प्याला उलटा परत देणारी जोडणी) असेल तर तो आउटपुट टप्प्याचा हम दाबून ठेवत असतो आणि ईसीसी ८३ काढल्यावर तो फीडबॅकच तुटतो. वाढलेला हम म्हणजे मूळ दोष मागच्या टप्प्यात आहे असंच धरा.

मग रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढा. सिलिकॉन डायोड असतील तर एच.टी.चा फ्यूज काढा. आता एच.टी. शून्य, पण मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू आणि फिलामेंट पेटलेले. या अवस्थेत स्पीकरमधून जो हम येईल तो निव्वळ चुंबकीय आहे. तो ना कंडेन्सरने जाणार, ना ग्राउंडिंगने.

फिलामेंट

दोष पहिल्या टप्प्यात आणि सूर ५० हर्ट्झचा असेल तर चेसिस उलटी करा आणि फिलामेंटच्या वायरी बघा. ईसीसी ८३ ला ६.३ व्होल्टवर चालवताना पिन ४ आणि ५ एकत्र जोडतात आणि दुसरी वायर पिन ९ ला जाते. घरी बांधलेल्या पुष्कळ सेटमध्ये इथेच घोळ असतो : ४ आणि ५ जोडणारा तुकडा बेसला वळसा घालून ग्रिडच्या पिन २ किंवा ७ जवळून जातो आणि त्यातून एसी वाहत असतो. तो तुकडा बेसला चिकटून, सरळ आणि शक्य तेवढा आखूड असावा. दोन्ही वायरी एकमेकींभोवती घट्ट पिळलेल्या, चेसिसच्या कोपऱ्याला दाबून नेलेल्या आणि बेसजवळ वरून उतरवलेल्या हव्यात. पिळल्याने दोन्ही वायरींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात, कोपऱ्यातला धातू उरलेलं अडवतो. ग्रिडची वायर त्यांना ओलांडणारच असेल तर काटकोनात ओलांडा, समांतर कधीच नको.

मग बघा फिलामेंट वायंडिंगला ग्राउंडचा संदर्भ आहे का. ट्रान्सफॉर्मरला ६.३ व्होल्टचा सेंटर टॅप (वायंडिंगच्या मधोमध काढलेलं टोक) नसेल आणि वायंडिंग नुसतंच तरंगत असेल तर हम येणारच. दोन १०० ओहमचे, अर्ध्या वॅटचे रेझिस्टर घ्या, फिलामेंटच्या एकेका वायरीपासून ग्राउंडपर्यंत लावा, झाला कृत्रिम सेंटर टॅप. त्यांचा एकूण करंट ३० मिलिअँपियरच्या आसपास असतो, ट्रान्सफॉर्मरवर काही भार पडत नाही. पाच रुपयांच्या या दोन रेझिस्टरनी बरे झालेले सेट मी पुष्कळ पाहिले आहेत. आणखी बारीक करायचं असेल तर त्यांच्या जागी १०० ओहमचा वायरवाउंड प्रीसेट लावा आणि हम कमीत कमी होईल तिथे ठेवा.

तरी उरला तर तो टॅप ग्राउंडऐवजी ३०-४० व्होल्ट डीसीवर न्या. एच.टी.वरून दोन रेझिस्टरचा डिव्हायडर काढा आणि खालच्या रेझिस्टरला १० ते ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर समांतर लावा. फिलामेंट कॅथोडपेक्षा जास्त व्होल्टेजवर असलं की त्यातून कॅथोडकडे इलेक्ट्रॉन जाणं थांबतं. ईएल ८४ ची फिलामेंट-कॅथोड मर्यादा १०० व्होल्ट आहे, म्हणून ४० च्या वर जाण्याची हाव नको. डीसी फिलामेंट हा शेवटचा उपाय आहे. त्याने ट्रान्सफॉर्मरवर जास्त करंटचा भार येतो, आणि वायरिंग वाईट असेल तर एका हमच्या जागी दुसरा मिळतो.

ग्राउंडिंग

माझ्या अनुभवात घरी बांधलेल्या सेटचा सगळ्यात हट्टी हम इथला असतो. सर्किट डायग्रामवर ग्राउंडच्या सगळ्या खुणा सारख्याच दिसतात, आणि बांधणारा त्या जवळच्या स्क्रूला जोडत जातो. पण वायरीला रेझिस्टन्स असतो. रेक्टिफायर पहिल्या कंडेन्सरला छोट्या, टोकदार झटक्यांत भरतो आणि त्या झटक्यातला करंट सरासरी करंटच्या कित्येक पट असतो. तो ज्या वायरीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो त्याच वायरीवर ईसीसी ८३ च्या ग्रिडचं ग्राउंड असेल तर काही मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतात आणि पुढे जोरात वाजतात.

म्हणून एच.टी. वायंडिंगचा सेंटर टॅप थेट पहिल्या कंडेन्सरच्या निगेटिव्हला जोडा, चेसिसला नाही. ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर) असेल तर ब्रिजचं निगेटिव्ह. हा लूप तिथेच बंद होऊ द्या. त्या निगेटिव्हपासून एक वायर दुसऱ्या कंडेन्सरच्या निगेटिव्हला, तिथे ईएल ८४ च्या कॅथोडचं ग्राउंड आणि आउटपुटची काळी वायर. तिथून पुढची वायर ईसीसी ८३ च्या कंडेन्सरला, आणि तिथे त्या व्हॉल्व्हचे कॅथोड, ग्रिड रेझिस्टर आणि इनपुट. चेसिसशी जोड फक्त एका जागी, इनपुटजवळ.

आता इनपुटचे आरसीए सॉकेट जवळून बघा. त्यांच्यासोबत दोन प्लास्टिकचे वॉशर येतात, एक खांद्याचा आणि एक सपाट. चेसिसचं भोक खांद्याच्या वॉशरपेक्षा लहान पडलं की तो बसत नाही, सॉकेटची आट्यांची बाजू अ‍ॅल्युमिनियमला घासते, आणि चेसिसशी गुपचूप दुसरी जोड तयार होते. इनपुटची ग्राउंड वायर सोडवून सॉकेट आणि चेसिसमध्ये मीटर लावा. बीप वाजला तर भोक मोठं करा. शील्डेड वायरची जाळीही एकाच टोकाला जोडा.

लॅपटॉप किंवा टीव्हीमुळे होणारा लूप तरीही जात नसेल तर सिग्नल ग्राउंड आणि चेसिसच्या त्या एकमेव जोडीत १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घाला, त्याला समांतर ३५ अँपियरचा ब्रिज (दोन्ही एसी टोकं एकत्र करून एका बाजूला, प्लस-मायनस एकत्र करून दुसऱ्या बाजूला) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. लूपचा छोटा करंट रेझिस्टरवर अडतो. आत कुठे एच.टी. सुटली तर ब्रिज मोठा करंट वाहू देतो आणि फ्यूज उडतो. यात चेसिस मात्र मेन्सच्या अर्थला वेगळ्या बोल्टने, दातेरी वॉशर लावून, थेटच जोडलेली असली पाहिजे.

आणि प्लगची अर्थची पिन काढून हम घालवू नका. अर्थ काढला की हम जातो, हे खरं आहे. पण मग मेन्स ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी चेसिस २३० व्होल्टवर असेल, आणि तिला हात लावणारा बहुधा घरातला दुसरा कुणीतरी असेल. ज्या सेटची अर्थ पिन कापलेली असते तिथे मी आधी ती जोडून देतो, हम नंतर बघतो.

सप्लाय

आता कंडेन्सर. सूर १०० हर्ट्झचा, व्हॉल्यूमने न बदलणारा आणि महिन्यागणिक वाढत गेलेला असेल तर कंडेन्सर वाळले असण्याची शक्यता खरी आहे. मीटर एसीवर ठेवून पहिल्या आणि दुसऱ्या कंडेन्सरवरचा रिपल (डीसीवर उरलेलं एसी) मोजा. ६० मिलिअँपियर लोड आणि ४७ मायक्रोफॅरड असेल तर पहिल्यावर ३ ते ४ व्होल्ट एसी मिळणं साहजिक आहे. पुढे १० हेन्रीचा चोक (लोखंडी कोरची कॉइल) आणि आणखी ४७ मायक्रोफॅरड असेल तर ते २० मिलिव्होल्टच्या आसपास उतरलं पाहिजे. चोकच्या जागी १ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर सव्वाशे मिलिव्होल्ट राहतात. मोजमाप ईएल ८४ च्या पिन ९ वर, म्हणजे स्क्रीन ग्रिडवर घ्या. पेंटोडमध्ये अ‍ॅनोडच्या सप्लायपेक्षा स्क्रीनवरचा रिपल जास्त ऐकू येतो, म्हणून स्क्रीनला वेगळा रेझिस्टर आणि कंडेन्सर देणं स्वस्त आणि परिणामकारक ठरतं.

रिपल जास्त निघाला तर त्याच कंडेन्सरला समांतर तेवढाच चांगला, ४५० व्होल्टचा कंडेन्सर लावून बघा. लावणं-काढणं सेट बंद करून, डिस्चार्ज करूनच. पण पहिला कंडेन्सर मनाला येईल तेवढा मोठा करू नका. ईझेड ८१ ची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. तिथे २२० लावला तर रेक्टिफायरमध्ये ठिणग्या पडतात. वाढवायचाच तर चोकच्या पुढचा वाढवा.

ट्रान्सफॉर्मरची जागा

चुंबकीय हम निघाला तर काम मोठं आहे, भोकं नवी पाडावी लागतात. म्हणून आधी जागा शोधा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सेटपासून पूर्ण सोडवा, त्याच्या सेकंडरीला हेडफोन जोडा. मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला फक्त मेन्स द्या, बाकी सगळी टोकं टेप लावून बंद. आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर सरकवत आणि फिरवत ऐका. एका कोनात हम जवळजवळ नाहीसा होतो, तिथे खूण करा. साधारणपणे दोन्हींचे कोर एकमेकांना काटकोनात आणि शक्य तेवढे लांब हवेत. चोकलाही हाच नियम. लोखंडी चेसिस चुंबकीय क्षेत्र वाहून नेते, अ‍ॅल्युमिनियमची नेत नाही.

पेटीतून येणाऱ्या आवाजासाठी ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट आवळा, खाली रबरी वॉशर द्या. तरी कुरकुरला तर वायंडिंगवाल्याकडून व्हार्निश करून घ्या.

इथे थांबा

चेसिसला हात लावल्यावर शॉक किंवा झिणझिण्या येत असतील तर सेट बाजूला ठेवा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थची वायर नसते. निरोगी सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असतं. हे मोजायची सवय नसेल तर तेही वायरमनवरच सोडा. घराचं अर्थिंग आपण घरी दुरुस्त करायचं काम नाही.

ईएल ८४ चा अ‍ॅनोड लाल झाला तर त्या क्षणी स्विच बंद. बायस (व्हॉल्व्हचा करंट ठरवणारं ग्रिडचं व्होल्टेज) गेला आहे किंवा कपलिंग कंडेन्सर (दोन टप्पे जोडणारा) लीक आहे, आणि चालू ठेवलात तर व्हॉल्व्हबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाईल. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. ट्रान्सफॉर्मरला जळका वास येत असेल किंवा काहीही न वाजवता तो हात ठेववणार नाही इतका तापत असेल तर तो वायंडिंगवाल्याकडेच गेला पाहिजे.

वरचं सगळं करूनही हम उरला तर व्हॉल्व्हचे सेट जाणणाऱ्या जुन्या कारागिराकडे जा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात पार्ट विकणाऱ्यांना विचारलंत तर बहुधा कुणीतरी नाव सांगतं. जाताना सर्किट डायग्राम, प्रत्येक पिनवरचं मोजलेलं डीसी व्होल्टेज, दोन्ही कंडेन्सरवरचा रिपल, आणि कुठला व्हॉल्व्ह काढल्यावर हमचं काय झालं हे कागदावर लिहून न्या. सेटमध्ये तुम्ही काय बदललंत तेही त्यात लिहा.